गुलाबी डबा, हिरवा डबा

मी अंगणवाडी चालवते त्याला एकवीस वर्षं झाली. गोंदियाकडच्या सालेकशाच्या पुढे रेल्वेलाईन ओलांडून जंगलाच्या कडेनं आत गेलं की आमची छोटी वस्ती, हिरडाटोला, लागते. या एकवीस वर्षांत लोकांनी माझ्याकडून काय काय मोजून घेतलं नाही? पोरांची वजनं, दंडाचे घेर, संडास, एकदा तर कोंबड्या. मोजायला माझी ना नाही, पण मोजून झाल्यावर काहीतरी कळायला हवं की नको? यंदा जे मोजलं त्यातनं मला आधी जे थोडंफार कळत होतं तेही कळेनासं झालं. ज्यानं मोजायला लावलं, त्याचंही तेच झालं.

तो म्हणजे हिमांशु सर. नागपूरच्या एका संस्थेकडून आलेला, जेमतेम तीस वर्षांचा, चष्मेवाला, बोलायला गोड. जुलैत, ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत तो मोहफुलाचे लाडू घेऊन आला. आमच्याकडे पोटुशी बायांना रक्त कमी असतं, हे सांगायला नागपूरहून कोणी यायची गरज नव्हती. पण त्याचं म्हणणं, मोहफूल, तीळ आणि गूळ यांच्या लाडवात लोहाची पूड घातली तर रक्त वाढतं का, ते त्याला बघायचं होतं. चार टोल्यांतल्या चाळीस बाया घेतल्या होत्या. आमच्या टोल्यातल्या दहा. त्यांतल्या निम्म्यांना लोहाचे लाडू आणि निम्म्यांना नुसतेच. दिसायला सारखे, चवीला सारखे. एकाचा डबा गुलाबी, दुसऱ्याचा हिरवा. सरकारच्या लाल गोळ्या मात्र सगळ्यांनाच चालू राहणार होत्या.

"मंग लोहा कोणत्या डब्यात आहे?" मी विचारलं.

"मला माहीत नाही, ताई."

"तुम्हाले नाही माहीत? मंग बाईले माहीत राहीन का?"

"बायांनाही नाही, तुम्हालाही नाही. नागपूरला एक बंद पाकीट आहे, त्यात लिहिलंय. शेवटी उघडायचं."

देणाऱ्याला माहीत नाही, वाढणारीला माहीत नाही, खाणारीला माहीत नाही, आणि याला म्हणे शास्त्र म्हणायचं. त्यानं मला समजावलं. कळलं की माणूस आपसूक एकीकडे झुकतो, म्हणाला; ज्या बाईला औषध मिळतंय असं वाटतं तिला उगीचच बरं वाटू लागतं, आणि मोजणाऱ्याचा हातही जरा सैल सुटतो. हे मी मान डोलावून ऐकलं. पण पुढचं काही केल्या पचेना.

पुढचं म्हणजे असं, की कोणाला गुलाबी आणि कोणाला हिरवा, हे चिठ्ठी टाकून ठरणार होतं. स्टीलच्या तांब्यात दहा चिठ्ठ्या टाकल्या आणि एकेकीनं हात घातला. माझ्या सुनेला, मंजूला, हिरवी आली.

मंजू माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. आमच्यात बहिणीच्या घरी भावाची लेक सून म्हणून देतात, त्यामुळे ती मला आत्याच म्हणते. पाचवा महिना लागला होता आणि रक्त सात पूर्णांक आठ. नर्सबाईनं स्पष्ट सांगितलं होतं, सातच्या खाली गेलं तर गोंदियाला नेऊन शिरेतनं औषध द्यावं लागेल, आणि बाळंतपणापर्यंत दहाच्या वर नाही गेलं तर जास्त रक्त जाण्याची भीती आहे. लाल गोळी घेतली की मंजू दहा मिनिटांत ओकायची. भावाची लेक मी हौसेनं आणली होती. तिला काही झालं तर भावाच्या दारात मी कोणतं तोंड घेऊन उभी राहणार होते? मला रात्रंदिवस तेवढं एकच दिसत होतं.

"सर, जिचं रक्त सगळ्यात कमी तिले चांगला लाडू द्या ना," मी म्हटलं. "चिठ्ठी कायले?"

"ताई, मग अशक्त बाया एका बाजूला आणि धडधाकट बाया दुसऱ्या बाजूला होतील. फरक लाडवामुळे पडला की बायांमुळे, कसं ओळखणार? चिठ्ठी टाकली की दोन्हीकडे सगळ्या प्रकारच्या येतात."

"म्हणजे तुमचा हिशोब बरोबर याले पाहिजे म्हणून माही सून नुसता गूळ खाईन?"

"कदाचित तिच्याच डब्यात लोह असेल."

"अना नसन तर?"

"नसेलही," तो म्हणाला. माणूस खोटं बोलत नव्हता, एवढं मात्र मी तेव्हाच ओळखलं.

रोज सकाळी दहाला बाया यायच्या, आपापल्या नावाच्या डब्यातला लाडू तिथंच बसून खायच्या. लाडू माझ्या डोळ्यांसमोर खाल्ला पाहिजे आणि मी वहीत तशी खूण केली पाहिजे, हा सरांचा नियम. पण दहाच वाजता मला पोरांच्या हजेरीचा फोटो मोबाईलवरच्या ॲपमध्ये चढवायचा असतो, आणि रेंज येते ती फक्त हातपंपापाशी. तेव्हा बायांकडे आमची मदतनीस सावित्रीबाई बघायची आणि मी हातपंपाशी हात वर करून उभी राहायचे. परत येईपर्यंत डबे बंद झालेले असायचे. मी वहीत दहाही नावांपुढे 'समोर खाल्ला' लिहायचे. सावित्रीबाईचे डोळे ते माझेच डोळे, असं मी धरून चालले होते.

पहिला महिना मी नुसता वास घेण्यात घालवला. गुलाबी डब्यातला लाडू हुंगला, हिरव्यातला हुंगला. दोन्हींना मोहफुलाचाच वास. हेमराजच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणून दोन्ही लाडवांना लावून पाहिलं. ते कुठंच चिकटलं नाही. सरांना आडवळणानं विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, खाण्यातलं लोह चुंबकाला चिकटेलच असं नाही. बायांना विचारलं. गुलाबीवाली एक जण म्हणाली, जिभेवर खिळा चाटल्यासारखं लागते. हिरव्यावालीही एक जण नेमकं तेच म्हणाली. माझं डोकं गरगरायला लागलं.

महिना झाल्यावर सर मशीन घेऊन आले आणि बायांची बोटं टोचली. मंजूचं रक्त सात पूर्णांक सहा आलं. म्हणजे वाढायचं सोडून कमीच झालेलं. आमच्या घरामागं राहणारी धनवंता, तिचा डबा गुलाबी, ती आठ पूर्णांक नऊवरून नऊ पूर्णांक आठवर गेली.

"म्हणजे गुलाबीतच लोहा आहे," मी म्हटलं.

"एका बाईवरून काही सांगता येत नाही, ताई. मशीनच पॉइंट दोन-तीन इकडे तिकडे दाखवते. चाळीस जणींची सरासरी बघायची."

सरासरी. माझ्या घरात चाळीस सुना नव्हत्या, एकच होती, आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. चाळिसांत एखादी कमी झाली तर त्याच्या सरासरीला कळणारसुद्धा नाही, हा विचार मनात आला आणि मला त्या पोराचा असा संताप आला की चहासुद्धा विचारला नाही. धनवंता धट्टीकट्टी होती. सहाव्या महिन्यातही ती चिखलात उभी राहून रोवणी करत होती. तिला काय होणार आहे, असं मी स्वतःला सांगितलं. ते सांगताना मला लाज वाटली, हेही इथं सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, सावित्रीबाई यायच्या आत, मी कपाट उघडलं. मंजूच्या हिरव्या डब्यातले लाडू परातीत काढले, धनवंताच्या गुलाबी डब्यातले मंजूच्या डब्यात भरले आणि परातीतले धनवंताच्या. डबे जागच्या जागी, नावं जागच्या जागी, फक्त आतला माल बदललेला. दर महिन्याला नवे लाडू आले की मी हेच करायचे. एकूण तीनदा केलं.

आणि मंजूचं रक्त वाढलं! दुसऱ्या महिन्याला आठ पूर्णांक चार, मग नऊ पूर्णांक तीन, ऑक्टोबरअखेर दहा पूर्णांक एक. तिच्या गालावर रंग आला. भावाला मी फोन करून सांगितलं, तुझी लेक टुकटुकीत आहे म्हणून. मनात म्हटलं, तुम्हाला चाळीस बाया लागतात सर, मी दोन बायांत शोधून काढलं.

फक्त एक गोष्ट जुळेना. धनवंता कमी व्हायला हवी होती, ती झाली नाही. तीही वाढून दहा पूर्णांक सहावर गेली. बाकीच्या हिरव्यावाल्याही वाढल्या आणि गुलाबीवाल्याही. मग लोहा होता कुठे? मी वही उलटीसुलटी करून पाहिली. धनवंताच्या अंगात मुळातच रक्त जास्त बनत असेल, अशी स्वतःची समजूत घातली. ती काही पटली नाही, पण मंजू बरी होती, म्हणून मी वही मिटून ठेवली.

नोव्हेंबरात, धानाची कापणी सुरू असताना, हिमांशु सर परत आले. तोंड उतरलेलं. मंजूला नववा लागला होता, ती घरी होती. अंगणवाडीत मी आणि सावित्रीबाई दोघीच होतो.

"ताई, बाकीच्या तीन टोल्यांत थोडा फरक दिसतोय," ते म्हणाले. "तुमच्या टोल्यात शून्य. गुलाबी आणि हिरवा, दोन्ही गट सारखेच वाढलेत. असं कसं झालं ते मला समजत नाहीये. इथे काही वेगळं झालं का?"

मला वाटलं, माझ्या एका अदलाबदलीनं या पोराचा चार महिन्यांचा अभ्यास बुडाला. मी बोलून टाकलं. परात, सकाळचे आठ, मंजू, धनवंता, सगळं. सावित्रीबाई तोंडावर पदर धरून ऐकत होती.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते बोटांवर काहीतरी मोजत म्हणाले, "दोघींनी एवढं नाही होणार. दहापैकी दोघी बदलल्या तर फरक कमी दिसेल, पण पुसून जाणार नाही."

तेव्हा सावित्रीबाईनं पदर बाजूला केला.

"बाई, रागावसान नाही त सांगतो. लाडू कोणी एकटी खातच नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पोटुशीनं पोटुशीच्या समोर एकटीनं खाल्लेलं चालते का? मोडून अर्धा बाजूवालीले द्याचा, तिचा अर्धा आपण घ्याचा. गुलाबीवाली हिरव्यावालीजवळच बसे, पहिल्या दिवसापासून तसंच चालू होतं."

आमच्या टोल्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन पोटुश्या एकत्र बसल्या की हातातलं मोडून एकमेकींना द्यायचं, नाहीतर पोटातली लेकरं जन्मभर एकमेकांशी भांडतात म्हणे. हेमराज पोटात असताना मी स्वतः असंच खाल्लं होतं. नागपूरच्या माणसाला हे माहीत नसेल, पण मला? मी एकवीस वर्षं या बायांना वाढते आणि मला हे एकदाही आठवू नये? मी हातपंपाशी रेंज शोधत होते आणि वहीत 'समोर खाल्ला' लिहीत होते.

"म्हणजे सगळ्यांनीच दोन्ही लाडू खाल्ले," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग तुलना कशाची करणार?"

"पण रक्त त वाढलं ना, सर? साऱ्याईचं वाढलं."

"वाढलं, ताई. पण कशानं? अर्ध्या लाडवातल्या लोहानं? मोहफुलानं? रोज इथे यायच्या म्हणून गोळ्याही नीट घेतल्या असतील, त्यानं? पावसाळ्यात भाजीपाला, मासे जास्त खाल्ले, त्यानं? ज्यांना लोह मिळालंच नाही अशा बाया इथे उरल्याच नाहीत. आता हे कोणालाच कळणार नाही."

इतके महिने मी म्हणत होते की चिठ्ठीत अन्याय आहे, आणि आता पहिल्यांदा मला वाटत होतं की निदान पाच जणींनी तरी मुकाट्यानं नुसता गूळ खायला हवा होता. लगेच त्या पाचांत मंजू आली असती तर, असं वाटलं आणि मी पुन्हा पहिल्या जागी आले. दोन्ही खरं कसं असू शकतं, ते मला आजही उमगलेलं नाही.

"पाकीट उघडलं का?" मी विचारलं.

"हो. हिरव्यात लोह होतं."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. मग हळूहळू डोक्यात शिरलं. मंजूच्या नशिबात चिठ्ठीनं लोहाचाच लाडू आला होता. तो मी माझ्या हातानं, तीन वेळा, तिच्या डब्यातनं काढला होता, आणि गुलाबीतला नुसता गूळ-तीळ तिच्यापुढे ठेवला होता. भावाच्या लेकीला वाचवायला म्हणून.

"सावित्रीबाई," मी विचारलं, "मंजू कोणाजवळ बसत होती?"

"कोणाजवळ म्हणजे? धनवंताजवळ. रोजच."

सरांना बायांकडून खात्री करून घ्यायची होती, म्हणून सावित्रीबाई धनवंताला बोलावून घेऊन आली. ती धानाच्या बांधीतनं कापणी सोडून तशीच आली, डोक्याला फडकं, पोट हातभर पुढे. सरांनी विचारलं, लाडू अर्धा-अर्धा खात होता का?

"अर्धा कायचा?" धनवंता म्हणाली. "मंजूचं तोंड पांढरं फट दिसत होतं. मी तिले मोठा तुकडा देत होतो, तिचा लहान घेत होतो. ती नाही म्हणे, मी ऐकत नव्हतो."

सरांनी तिला थोडक्यात सांगितलं, की लोह हिरव्यात होतं, पण नंतरच्या तीन महिन्यांत बाईंनी तुझ्या आणि मंजूच्या डब्यातले लाडू बदलले होते. त्यामुळे त्या तीन महिन्यांत लोहाचे लाडू तुझ्या डब्यात होते. एवढं सांगून ते फोन घ्यायला बाहेर गेले, हातपंपाकडे.

धनवंता माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला बघवेना.

"बाई, सुनेच्या डब्यातला लोहा तुम्ही माह्या डब्यात टाकला? माह्यासाठी?"

मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सावित्रीबाईनंही काही सांगितलं नसतं. हिच्या हातातला घास काढून घ्यायला मी गेले होते, आणि ही रोज तोच घास, त्यातला मोठा तुकडा, माझ्या मंजूच्या हातावर ठेवत होती. मंजूला लोहा मिळाला असेल तर तो हिच्या हातून. इतकं सगळं गोंधळलेलं होतं, पण एवढं मला लख्ख दिसत होतं.

"नाही धनवंता," मी म्हटलं. "मले वाटलं, तुहा डबा चांगला आहे. तुहं काढून मंजूले देत होतो मी. उलटं झालं ते चुकून."

फडक्यानं तिनं मानेवरचा घाम पुसला. मी वाट बघत होते, शिव्या दे, रड, निदान काऊन केलं म्हणून तरी विचार.

"मंजूले सांगू नोका," ती म्हणाली. "तिची तारीख जवळ आली आहे. जिवाले लावून घेईन."

आणि ती पोट सांभाळत पायरी उतरली, उरलेली बांधी कापायला गेली.